दुधाच्या हिशोबावरच्या रेघोट्या

पत्र थोडक्यात (नाव दिलेलं नाही) : वय २६, शिक्षण सातवी. माहेर-सासर दोन्ही धुळे जिल्ह्यातलं, आता नाशिकला एमआयडीसीजवळ भाड्याच्या खोलीत राहतात. नवरा कंपनीत कंत्राटी कामाला, त्या स्वतः रबराचे छोटे पार्ट साफ करायचं काम घरी आणतात, किलोवर पैसे मिळतात. मुलगी अडीच वर्षांची. अंगणवाडीत टीएचआरचं (घरी न्यायच्या पोषण आहाराचं) पाकीट आणायला गेल्या तेव्हा सेविकाताई म्हणाल्या की आपण माता गट करतोय, दर शनिवारी दुपारी या, मुलीसोबत घरी काय काय करायचं ते शिकवू. नवरा म्हणतो, तू सातवी, तू काय शिकवणार, तिला सरळ इंग्लिश प्लेग्रुपला टाकू, वर्षाची फी २२ हजार. शेजारचा तेवढाच मुलगा ए टू झेड घडाघडा म्हणतो. घरात अहिराणी बोलतात, ती बंद करावी का असंही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ : "परवा तिने कॅलेंडरवर पेनाने रेघोट्या मारून दुधाचा सगळा हिशोब खराब केला, मी हातावर फटका दिला, मग मलाच रडू आलं. मी आई म्हणून कमी पडते का?"

---

ताई, तुमचा मुख्य प्रश्न प्लेग्रुप की माता गट असा आहे, पण मी सुरुवात त्या कॅलेंडरपासून करणारे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच भिंतीवर लटकलंय.

जरा आठवून बघा. रोज सकाळी दूधवाला येतो, तुम्ही पातेलं घेऊन दारात जाता, दूध घेता, गॅसवर ठेवता आणि हात पुसून पेन घेऊन त्या दिवसाच्या चौकोनात खूण करता. लिटर घेतलं तर एक, जास्त घेतलं तर दीड, आला नाही तर खाडा. महिना संपला की दूधवाल्यासमोर उभं राहून बोट ठेवत ठेवत मोजता आणि मग पैसे देता. हे सगळं कमरेएवढी एक पोरगी वर्षभर बघतेय. तिला काय कळलं असेल? की आई या कागदावर काहीतरी ओढते, ते ओढलेलं नंतर बोलतं, आणि ते जे बोलतं त्यावर मोठी माणसं पैसे देतात. मग परवा पेन हाताला लागलं आणि तिने पण केलं. भिंतीवर नाही केलं, फरशीवर नाही केलं, कॅलेंडरवर केलं! जिथे आई लिहिते तिथेच. ताई, तो हिशोब बिघडवणं नव्हतं, ते तिचं पहिलं लिखाण होतं.

फटका दिला त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, महिन्याचा हिशोब गेला की कुणाचाही जीव कळवळतो. पण त्या रेघोट्या पुन्हा एकदा नीट बघा. नुसत्या गोल गोल आहेत की चौकोनाच्या आसपास आहेत, आडव्या आहेत की तुमच्या खुणांसारख्या उभ्या उभ्या आहेत. आधी रेघोट्या, मग एकासारखी एक रेघ, मग अक्षरासारखं दिसणारं काहीतरी, आणि खरी अक्षरं कितीतरी नंतर. मुलं साधारण याच वाटेने जातात. तुमची मुलगी त्या वाटेवर निघालीये, आणि तिला त्या वाटेवर सातवी शिकलेल्या तुम्हीच आणलंय, कुणी न सांगता.

म्हणून "मी काय शिकवणार" या वाक्याशीच मला जरा भांडायचंय. हे तुमचं एकटीचं वाक्य नाही. मी बरीच वर्षं बालवाडीत काम केलंय आणि पालकांच्या मीटिंगा घेतल्यात. एक मीटिंग मला अजून आठवते. आम्ही वीसेक आयांना चटईवर बसवलं आणि फळ्यावर लिहून "भाषा विकास" समजावून सांगत होतो, सगळ्या पदर सावरत गप्प, एक जण तर मागच्या मागे निघूनही गेली. मग आमच्यातल्या एका बाईंनी खडू खाली ठेवला आणि नुसतं विचारलं, आज सकाळी उठल्यापासून तुमच्या पोराने काय काय केलं ते सांगा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलेना, आणि मग जे सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. एक म्हणाली माझा मटार सोलताना शेंगेत किती दाणे निघणार ते आधी सांगतो, चुकला की हसतो आणि पुढची शेंग घेतो. ती बाई स्वतः अंगठा लावायची. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो, कारण अंदाज करणं, मोजणं, पडताळून बघणं हे सगळं तिच्या घरी रोजच्या भाजीत चालू होतं आणि आम्ही तिला ते फळ्यावर शिकवत होतो.

वाचायला शिकणं म्हणजे अक्षर ओळखणं, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण त्याच्या आधी खूप काही लागतं. पोराच्या कानाला शब्द भरपूर पडलेले असावे लागतात, शब्दाच्या आतले आवाज ऐकू यावे लागतात (पाणी आणि पाय, दोन्हीची सुरुवात सारखी आहे, हे कानाने कळणं), आधी काय झालं नि मग काय झालं असं सांगता यावं लागतं आणि कागदावरची खूण बोलते हे माहीत असावं लागतं. यातलं एक तरी असं आहे का ज्याला बीएड लागतं? यमक जुळवत पोराला झोपवणारी, बोटं मोजून दाखवणारी, चिऊचा घास नि काऊचा घास करत भरवणारी कुठलीही आई, आजी, बाप, मावशी हेच करत असते. फरक एवढाच की ते कामाच्या गडबडीत कधी होतं, कधी नाही. आणि माता गटाचं खरं काम एवढंच आहे, की जे तुम्ही अधूनमधून करता ते ठरवून रोज थोडं करायचं.

बिहार आणि राजस्थानातल्या गावांमध्ये याचा एक मोठा अभ्यास झालाय, २०१७ साली छापून आला. तिथल्या आया बहुतेक निरक्षर किंवा अगदी कमी शिकलेल्या. काही गावांत आयांना लिहायला-वाचायला शिकवायचे वर्ग घेतले, काही गावांत घरी जाऊन मुलांसोबत करायचे छोटे छोटे उपक्रम दाखवले, आणि काही गावांत दोन्ही. मुलं तुमच्या मुलीपेक्षा मोठी होती, पाच ते आठ वर्षांची. तिन्ही ठिकाणी मुलांचं गणित थोडं सुधारलं, जिथे दोन्ही केलं तिथे सगळ्यात जास्त, आणि आया स्वतः पण काहीतरी शिकल्या. मी तुम्हाला फुगवून सांगणार नाही, फरक छोटा होता, चमत्कार नव्हता. पण ज्या बायकांना सगळे "ही काय शिकवणार" म्हणत होते त्यांच्यामुळे झाला होता.

आता माता गट म्हणजे नेमकं काय ते सांगते, म्हणजे तुम्हाला जाताना धाकधूक वाटणार नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये "पहिले पाऊल" नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले, पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी. त्यात गावा-वस्तीत आयांचे गट केले, एकेक लीडर माता ठरवली आणि दर आठवड्याला घरी करायच्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचवल्या. पण तो सगळा कार्यक्रम शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांचा होता, अडीच वर्षांच्या पोरीसाठी नव्हता. तुमच्या मुलीच्या वयासाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये "नवचेतना" आणलं, शून्य ते तीन वर्षांसाठी, त्यात ३६ महिन्यांचं कॅलेंडर आहे आणि १४० कृती आहेत. (कॅलेंडर तिथेही आलंच बघा.) त्यातलं बहुतेक घरातल्या वस्तूंनीच करायचं असतं. तीन पूर्ण झाली की अंगणवाडीत रोज बसायचं, तिथे तीन ते सहाचा "आधारशिला" अभ्यासक्रम आहे. तुमच्या सेविकाताई तुम्हाला बोलावतायत ते यातलंच काहीतरी असणार, किंवा त्यांनी स्वतःहून सुरू केलेलं असेल, तसं असेल तर त्यांचं दुप्पट कौतुक.

आणि ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये त्या डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती, तर ताराबाईंनी मुलांना नावं ठेवली नाहीत, बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आलाय. तिथे आई बाजूला भात कांडतेय, म्हातारी शेंगा निवडतेय आणि मधेच मुलं पानं-बिया मांडून बसलीयत, असं सगळं एकत्रच चालायचं. नंतर आपण अंगणवाडीला भिंती घातल्या आणि आईला दारात पाकीट घेण्यापुरतंच उभं केलं, हे मला मनापासून खटकतं. सेविकाताई तुम्हाला आत बोलावतायत, म्हणजे ती जुनी गोष्ट परत आणतायत.

पण गट चांगला आहे की नुसता नावाला, हे तुम्ही बघायचं. दोन-तीन शनिवार जाऊन बघा. तिथे तुमची मुलं सोबत असतात का, तुम्हाला बोलायला मिळतं का, का एक जण वाचून दाखवते आणि बाकीच्या फोटोसाठी बसतात? घरी करायला काय देतात, गप्पा-खेळ-गोष्ट देतात की व्हॉट्सॲपवर वर्कशीट पाठवून "करून फोटो टाका" म्हणतात? फोटो टाकायचा झाला की आई पोराचा हात धरून स्वतःच रंग भरते, मी हे ढिगाने बघितलंय, त्यात पोर काहीच शिकत नाही आणि आई दमते. असं होत असेल तर सेविकाताईंना सांगा, भांडू नका, त्यांच्यावरही वरून फोटोचं प्रेशर असतं, नुसतं म्हणा की ताई एखादा शनिवार फोटो नको, आपण नुसत्या बोलू.

शेजारच्या मुलाचं काय. तो ए टू झेड म्हणतो ते छानच आहे, पण ते अजून गाणं आहे, वाचन नाही. त्याला मधूनच एखादं अक्षर दाखवून विचारलं तर बहुतेक सांगता येणार नाही, आणि आलं तरी त्याने फार काही बिघडत-घडत नाही. तुमची मुलगी पहिलीला जाईल तेव्हा सहा वर्षांची असेल, म्हणजे साडेतीन वर्षं हातात आहेत. आणि पेन्सिल धरून रेषेत अक्षर काढायची घाई तर अजिबात करू नका, कुणी करायला लावत असेल तर हात जोडून थांबवा. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती कुर्चेची, म्हणजे मऊ नि लवचीक असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं पक्की होत जातात, अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली दोन-तीनच तयार झालेली असतात. त्या हाताला आधी कणकेचा गोळा मळू द्या, शेंगा सोलू द्या, वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत ओतू द्या, ओल्या फरशीवर बोटाने गिरगटू द्या.

प्लेग्रुपला माझा सरसकट विरोध नाही. काही घरांना त्याची खरंच गरज असते, दोघं कामाला बाहेर असतील आणि सांभाळायला कुणी नसेल तर काय करणार. तुमच्या घरात मात्र तुम्ही दिवसभर आहात, आणि २२ हजार म्हणजे तुमच्या यजमानांचा दीड-दोन महिन्यांचा पगार असेल. तरी त्यांचं मन नाही मानलं तर दोघं मिळून एकदा त्या प्लेग्रुपला शाळा चालू असताना जाऊन बसा. किती मुलांमागे एक बाई आहे, बाई मुलांशी बोलते की मुलांवर ओरडते, मुलं घरच्या भाषेत काही बोलली तर काय होतं, अडीच वर्षांच्या पोराला बाकावर बसवून वही देतात का, आईबापाला आत येऊ देतात की गेटवरून परत पाठवतात. मोठं गेट आणि कार्टूनची भिंत बघून फी भरू नका एवढंच माझं म्हणणं आहे. माझं मत विचारलंत तर आत्ता माता गट, तीन झाली की अंगणवाडी, आणि त्या पैशातले दोन हजार बाजूला काढून चित्रांची पुस्तकं.

आता अहिराणी. बंद करू नका, ताई, अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की "मी तिच्याशी शुद्ध मराठीत बोलायचा प्रयत्न करते पण शब्द आठवत नाहीत मग गप्प बसते." हे गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. तिच्या कानाला मोडकी मराठी आणि भरपूर शांतता मिळण्यापेक्षा ठसठशीत, भरलेली अहिराणी मिळू दे. राग, लाड, गंमत, दम देणं, हे सगळं तुमच्या तोंडून ज्या भाषेत सहज येतं त्या भाषेतच तिला हजारो शब्द मिळणार आहेत. तिला आंडेर (म्हणजे लेक) म्हणून हाक मारता तेव्हा ती जशी वळून बघते तसं ती दुसऱ्या कुठल्या शब्दाला बघते का? मराठी तिला गल्लीत मिळेल, अंगणवाडीत मिळेल, अडीच-तीन वर्षांची मुलं दोन-तीन भाषा आरामात उचलतात. सासूबाई गावी आहेत ना, त्यांना रोज रात्री पाच मिनिटं फोन लावून द्या आणि एक गोष्ट सांगायला सांगा, त्यांच्या भाषेत, त्यांच्या शेतातली. त्या पण तुमच्या गटातल्या झाल्या की.

पुस्तकांचं सांगते, कारण इथे बऱ्याच जणींची गाडी अडते, "मला धड वाचता येत नाही, पुस्तक काय आणू." सातवी म्हणजे तुम्हाला येतं, पण ज्यांना नाही येत त्यांनी पण आणा, आणि चित्रांचं आणा. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईबापांसोबत एक प्रयोग केला. दोन्ही गट मुलांना पुस्तक वाचून दाखवत होते, तेवढ्याच वेळा. फक्त एका गटाला शिकवलं होतं की तुम्ही कमी वाचा, मुलाला बोलू द्या, "हे काय", "हा काय करतोय" असं विचारा, तो जे बोलेल त्यात एक शब्द घालून परत म्हणा. महिन्याभरातच त्या मुलांची भाषा दुसऱ्या गटाच्या पुढे गेली होती. ती सुखवस्तू घरातली मुलं होती हे खरं, पण युक्तीला पैसे लागत नाहीत. चित्रात मांजर आहे. ती म्हणेल "माऊ". तुम्ही म्हणा, "हो, माऊ झोपली." ती म्हणेल "माऊ झोपली." तुम्ही, "कुठे झोपली?" ती बोट ठेवेल. "चुलीपाशी झोपली, थंडी वाजतेय तिला." झालं, एवढंच. तेच पुस्तक ती वीस वेळा आणेल, कंटाळू नका, विसाव्या वेळी ती तुम्हाला वाचून दाखवेल. मोबाईलवर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, त्यावर मराठीतली चित्रगोष्टींची पुस्तकं फुकट आहेत, पण शक्यतो हातात धरायचं एखादं कागदाचं तरी असू द्या. आणि इंग्लिश ऱ्हाइम्स लावून पोरीला मोबाईल हातात देऊन काम उरकता असं तुम्ही लिहिलंय, मी तुम्हाला दोष देत नाही, पण जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणते, कमी तितकं चांगलं. मोबाईल तिचं उत्तर ऐकून घेत नाही, हा त्याचा मोठा तोटा आहे.

वेळ कुठून काढायचा? वेगळा काढू नका, तुम्हाला नाहीच आहे. रबराचे पार्ट साफ करायला बसता तेव्हा ती शेजारी असतेच. तिला तोंडात घालता येणार नाहीत असे मोठे, कड नसलेले चार-पाच तुकडे द्या, नाहीतर वाटीत बटाटे-कांदे द्या, "मोठे इकडे, छोटे तिकडे". ब्लेड-कटर मात्र तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. किराण्याची यादी लिहिताना मोठ्याने म्हणत लिहा, तिला पण एक कागद द्या, दुकानात तिची यादी पण काकांना दाखवा. आणि हो, याला सगळे "माता गट" म्हणतात पण पोरगी बापाची पण आहे. यजमानांना सांगा, तुम्ही बारावी आहात ना, मग आठवड्यातून तीन रात्री चित्रांचं पुस्तक तुमच्याकडे. "तू काय शिकवणार" असं म्हणणाऱ्या माणसाला कामच देऊन टाकायचं, रागाने नाही, खरोखर. पोरगी मांडीत येऊन बसली आणि चित्रावर बोट ठेवून बापाला प्रश्न विचारायला लागली की प्लेग्रुपचा विषय बहुतेक आपोआप मागे पडेल.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका, आणि हे सगळ्याच वाचकांसाठी आहे. दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडून बोलायला लागतं, "पाणी दे", "बाबा आले" असं, कुठल्याही भाषेत. अडीच झाली तरी तसं होत नसेल, हाक मारली तर वळून बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका, आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, सेविकाताईंना तारीख विचारून ठेवा. तुमची मुलगी व्यवस्थित बोलते असं पत्रावरून दिसतंय.

शनिवारची वेळ दुपारची आहे आणि तुमचा माल न्यायला माणूस त्याच वेळेला येतो असं तुम्ही लिहिलंय. सेविकाताईंना विचारा, पाचला घेता येईल का. तुमच्यासारख्या अजून चार-पाच जणी असतील ज्या याच कारणाने येत नाहीत आणि लाजून बोलत नाहीत.

आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर असेल ना घरात, फडताळात अंथरायला ठेवलेलं? ते काढा आणि तुमच्या कॅलेंडरच्या शेजारी, तिच्या उंचीवर, खिळ्याला अडकवा. एक खडू सुतळीने बांधून ठेवा. उद्या दूध घेतल्यावर तुम्ही तुमच्या चौकोनात खूण करा आणि तिला म्हणा, चल, तू पण लिही. मग विचारा काय लिहिलं. ती जे सांगेल ते खाली बारीक अक्षरात तुम्ही लिहून ठेवा, तिच्याच शब्दांत, अहिराणीत असेल तर अहिराणीत. शनिवारी गटाला जाताना ते पान सोबत न्या.